बाबांना कळलं असेल, तर मी हे लग्न करू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३३ वर्षांचे आहेत. ते समलिंगी आहेत आणि सहा वर्षांपासून पार्टनरसोबत पुण्यात राहतात. गावाकडे आई-वडिलांना तो 'रूममेट' म्हणून माहीत आहे, धाकट्या बहिणीला मात्र सगळं ठाऊक आहे. गेल्या वर्षी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आणि 'डोळ्यांदेखत तुझं लग्न होऊ दे' हा धोशा वाढला. त्यांची एक मैत्रीण लेस्बियन आहे, तिच्या घरीही तीच घाई. तिने सुचवलं, आपण दोघं लग्न करून टाकू, दोन्ही घरं शांत होतील, आपापलं आयुष्य आपापल्या पद्धतीने जगू. त्याच सुमारास तिघांनी मिळून आंग ली यांचा 'द वेडिंग बँक्वेट' हा १९९३ सालचा सिनेमा पाहिला. पत्रलेखक विचारतात : "सिनेमात शेवटी सगळ्यांना हवं ते मिळालं. वडिलांना सगळं कळलेलं असतं, तरी ते गप्प राहतात. माझ्या बाबांनाही कळलं असावं. हॉस्पिटलमध्ये ते पार्टनरविषयी मला म्हणाले होते, 'त्याला घरी जाऊन झोपू दे, रात्रभर बसलाय.' मग हे लग्न करायला हरकत काय? आईला खरं सांगितलं तर ती खचेल, बाबांच्या हृदयाला तर धक्का सोसणारच नाही. त्यांची पिढी आता बदलणार नाही. सिनेमा पाहिल्यापासून पार्टनर मात्र फारसं बोलत नाही."

प्रिय मित्र,

तुमच्या पत्रात बाबांविषयी पुष्कळ आहे, आईविषयी आहे, मैत्रिणीच्या अडचणीविषयीही आहे. पार्टनरविषयी शेवटी एकच वाक्य आहे. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. तुम्ही तिघं एकच सिनेमा बघत होतात, पण तुमचं लक्ष त्यातल्या वडिलांवर होतं. तुमचा पार्टनर सायमनकडे बघत असणार.

सिनेमा न पाहिलेल्या वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. वाय-तुंग हा तैवानी तरुण न्यूयॉर्कला मॅनहॅटनमध्ये राहतो. सायमन या अमेरिकन फिजिओथेरपिस्टबरोबर त्याचा सुखाचा संसार आहे. तैपेईहून आई कॅसेटवर निरोप रेकॉर्ड करून पाठवते आणि विषय एकच असतो, लग्न. विवाहसंस्थेचा फॉर्म येतो तेव्हा ही दोघं मुद्दाम अशक्य अटी भरतात. मुलगी ऑपेरा गाणारी हवी, तिच्याकडे दोन डॉक्टरेट हव्यात. तरी आई हटत नाही. शेवटी सायमनच तोडगा काढतो. वाय-तुंगच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या वेई-वेई या शांघायच्या चित्रकार मुलीला ग्रीन कार्ड हवं असतं, तिच्याशी नावापुरतं लग्न करायचं. लग्नाची बातमी ऐकून आई-वडील थेट अमेरिकेत येतात. घरातले सायमनचे फोटो काढले जातात, भिंतींवर वडिलांच्या सुलेखनाचे कागद लागतात आणि सायमन 'घरमालक' होतो. कचेरीतलं साधं लग्न बघून आई रडते. मग लष्करात वडिलांच्या हाताखाली काम केलेला एक हॉटेलमालक भेटतो आणि जंगी मेजवानी ठरते. त्या रात्री दारूच्या अमलात जे घडतं, त्यातून वेई-वेईला दिवस जातात.

आता तुमचं म्हणणं, की सगळ्यांना हवं ते मिळालं. खरंच मिळालं का, ते पाहू.

वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो, ते हॉस्पिटलमध्ये असताना वाय-तुंग आईला सगळं सांगून टाकतो. आईचा पहिला प्रश्न, सायमनने तुला या नादाला लावलं का? आणि दुसरी गोष्ट, वडिलांना कळू देऊ नकोस, त्यांना सोसणार नाही. इकडे वडिलांना केव्हाच कळलेलं आहे. मुलं त्यांच्यासमोर इंग्रजीत भांडली होती, म्हाताऱ्याला इंग्रजी कळत नाही अशा समजुतीत. पुढे ते सायमनला बाजूला घेऊन वाढदिवसाचं लाल पाकीट देतात, तूही माझा मुलगाच आहेस म्हणतात आणि बजावतात की हे कुणाला सांगायचं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, माझ्या बायकोलाही नाही.

म्हणजे नवऱ्याला सोसणार नाही म्हणून बायको गप्प, आणि बायकोपासून लपवून नवरा गप्प. उभा जन्म एकत्र काढलेली ती दोन माणसं आयुष्यातल्या इतक्या मोठ्या गोष्टीवर एकमेकांशी एक शब्द बोलू शकत नाहीत. ज्याला काही सोसणार नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं, तो माणूस ते एकट्याने सोसत होता. आणि सायमन? त्याने स्वतःच्या घरात परक्यासारखं राहायचं, स्वयंपाक करायचा आणि कौतुक सुनेचं होऊ द्यायचं, जोडीदाराच्या लग्नात पाहुण्यासारखं उभं राहायचं, शेवटी वडिलांचंही गुपित पोटात ठेवायचं. ती युक्ती त्यानेच सुचवली होती हे खरं. पण जिवलग माणसाचा त्रास बघवत नाही म्हणून आपण जे सुचवतो, ते पुढे आपल्यालाच पेलेल असं नसतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे असं मला वाटतं. वडील सायमनशी बोलताना असंही म्हणतात की मी त्यांना खोटं बोलू दिलं नसतं, तर मला नातवंड मिळालं नसतं. त्यांच्या गप्प राहण्यात प्रेम आहे, त्याबद्दल शंका नाही. मला त्या म्हाताऱ्याविषयी अपार माया वाटते. पण त्या मौनात एक हिशोबही आहे आणि तो नातवाने चुकता होतो. वेई-वेई गर्भपाताचा विचार सोडते, मूल वाढवायचं ठरवते, सायमनलाही त्याचा बाप हो म्हणते, म्हणून विमानतळावरचा तो निरोप इतका गोड होतो. सिनेमातून ते बाळ काढून टाका. मग काय उरतं? फसवले गेलेले आई-वडील, अडकलेली मुलगी आणि तुटायला आलेलं एक नातं. तुमच्या योजनेत बाळ आहे का? नसेल, तर तुम्ही ज्या शेवटाच्या भरवशावर निघाला आहात, तो तुमच्या वाट्याला येणार नाही.

बाबांच्या त्या वाक्याविषयी. 'त्याला झोपू दे, रात्रभर बसलाय' असं म्हणणाऱ्या माणसाला सगळं कळलेलं असेल किंवा काहीच कळलेलं नसेल. रात्रभर जागलेल्या पोराची काळजी कुणालाही वाटते. दोन्ही शक्यता खऱ्या मानून बघा. बाबांना काहीच माहीत नसेल, तर हे लग्न म्हणजे आजारपणातून उठलेल्या माणसाची फसवणूक आहे. आणि माहीत असेल, तर मग हे लग्न नेमकं कुणासाठी? ज्याला सत्य ठाऊक आहे त्याच्यासमोर अंतरपाट धरून उभं राहायचं, त्यानेही अक्षता टाकायच्या, दोघांनीही नजर चुकवायची, हे कुणाच्या समाधानासाठी? बाबांच्या मौनाला तुम्ही परवानगी समजत आहात. पण ती या लग्नाची परवानगीच आहे हे कशावरून? कदाचित ते तुम्हीच काहीतरी बोलाल म्हणून थांबले असतील.

आता मैत्रीण. ती मनापासून मदत करते आहे आणि तिलाही मदतीची गरज आहे, हे मी विसरलेले नाही. अशी सोयीची लग्नं होतात. दोघांनाही सगळं माहीत असतं, कुणी कुणाला फसवत नाही, काही जोड्या ती निभावतातही. एखादी मुलगी घरात कोंडली गेली असेल, तिची नोकरी सुटायची वेळ आली असेल, तर बाहेर पडायचा तोच एक रस्ता तिला दिसू शकतो आणि तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण तुम्ही दोघं कमावते आहात, घरापासून लांब राहता. तुमच्यापुढे इतर वाटा आहेत.

आणि लग्न एका दिवसात उरकत नाही. सिनेमात आई-वडील परत जातात आणि पडदा पडतो. तुमचे आई-वडील दिवाळीला येतील, गणपतीला बोलावतील. बाबांच्या पुढच्या तपासणीला पुण्यात तुमच्याकडेच उतरतील. तेव्हा तुमचा पार्टनर कुठे झोपेल? मैत्रिणीची जोडीदार असेल तर ती कुठे जाईल? वर्ष उलटलं की दोन्हीकडून 'गोड बातमी' विचारली जाईल, त्यानंतर डॉक्टरांचे पत्ते येतील. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, मूल होत नाही म्हणून बोल लागतो तो सुनेला. तुमच्या आईच्या तोंडून ते शब्द निघतील, ऐकून घेईल तुमची मैत्रीण, आणि तुम्ही खरं सांगू शकणार नाही. आज आईपासून लपवायला एक गोष्ट आहे, मग रोज एक नवी लागेल.

सिनेमातल्या लग्नाच्या रात्रीच्या प्रसंगाला प्रेक्षक हसतात. मला तो कधीच हलका वाटला नाही. पाहुण्यांनी खोलीत घुसून नवरा-नवरीला एका पांघरुणात ढकलायचं, नको म्हणणाऱ्या वाय-तुंगच्या बाबतीत वेई-वेईने पुढे जायचं, यात गंमत कसली? पण दिग्दर्शकाने त्यातून एक गोष्ट नेमकी दाखवली आहे. नावापुरतं लग्न नावापुरतं राहू देणं दोघांच्याच हातात नसतं. भोवतालची माणसं ते खरं करायला लावतात.

कायदाही नावापुरतं लग्न ओळखत नाही. नोंदणी झाली की ती तुमची पत्नी आणि तुम्ही तिचे पती. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार तुमच्या मालमत्तेवर पहिला हक्क पत्नीचा आणि आईचा. सहा वर्षं तुमच्याबरोबर घर चालवणाऱ्या माणसाचा शून्य. बिनसलं तर परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठीसुद्धा आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुम्ही दोघांनी आपसात लिहून ठेवलेले नियम कोर्टात या तरतुदींवर मात करू शकत नाहीत. हे लग्न करण्याआधी तुम्ही, मैत्रीण आणि दोघांचे जोडीदार अशा सगळ्यांनी मिळून वकिलाकडे जायला हवं होतं, असं नंतर वाटून उपयोग नाही.

तुमच्या पत्रातलं 'त्यांची पिढी आता बदलणार नाही' हे वाक्य मी परत परत वाचलं. पिढी बदलत नाही, एकेक माणूस बदलतो, आणि त्याला बदलायला कुणीतरी कारण द्यावं लागतं. तैवानचंच बघा. तिथे ची चिया-वेई नावाच्या कार्यकर्त्याने १९८६ साली आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि लग्नाच्या हक्कासाठी भांडणं सुरू केलं. तो अनेकदा हरला. २०१७ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. २०१८ च्या सार्वमतात लोक विरोधात गेले, तरीही २४ मे २०१९ पासून समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता देणारा तैवान हा आशियातला पहिला देश ठरला. सिनेमातल्या त्या आई-वडिलांच्या देशात हे घडलं, सिनेमानंतर २६ वर्षांनी.

आपल्याकडेही गोष्टी हलल्या आहेत, पण एकसारख्या नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिलं. कुटुंबीयांचीही, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आई-वडिलांनीही यात सोसलेलं असतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्याआधी त्याच वर्षी चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या लग्नाचा हक्क मागितला होता. 'स्वीकार : द रेनबो पेरेंट्स' या गटातले हे आई-वडील तुमच्या आई-बाबांच्याच पिढीचे. २०१५ साली मुंबईतल्या एका आईने मुलासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली होती. जातीची अट नाही, पण आपल्यातला असेल तर बरं, असंही त्यात होतं. त्यावरून तेव्हा बरीच टीका झाली, आणि जातीबद्दलची ती टीका योग्यच होती. पण त्यातून एक गोष्ट कळते. आई-वडील स्वीकारतात तेव्हा आपल्या सवयी, अपेक्षा, स्थळ बघायची हौस यांच्यासकट स्वीकारतात. त्यांचं सगळंच बदलेल अशी वाट बघू नका.

आणि मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश. २०२१ साली त्यांच्यापुढे घरातून पळालेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं. आपल्याला हा विषय पुरेसा समजत नाही, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं आणि निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 'मला शिकावं लागेल' असं म्हणू शकतो, तर तुमच्या आईला शिकताच येणार नाही हे तुम्ही आधीच कसं ठरवलंत?

आता बाबांचं हृदय. ही भीती खरी आहे, मी ती बाजूला सारत नाही. पण तिचं उत्तर तुमच्याकडे किंवा माझ्याकडे नाही, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे आहे. पुढच्या तपासणीला तुम्ही बरोबर जा आणि बाहेर येताना डॉक्टरांना एकट्याने विचारा, घरात एक महत्त्वाचा, मनाला लागेल असा विषय बोलायचा आहे, त्यांची तब्येत तेवढी स्थिर आहे का? विषय कोणता ते सांगायची गरज नाही. थांबा म्हणाले तर थांबा. चालेल म्हणाले तर 'बाबांचं हृदय' हे कारण यापुढे वापरू नका. आणि जे वडील मुलाच्या लग्नासाठी रोज झुरताहेत त्यांच्या मनावर आत्ताही ताण आहेच.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण असं पत्र पाठवणारे तुम्ही एकटे नाही.

सगळं एका दिवशी सांगायचं असं काही नाही. पहिलं पाऊल फक्त लग्नापुरतं टाका. 'आई, बाबा, मी मुलीशी लग्न करणार नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही. माझा बायोडेटा कुणाला देऊ नका, त्या मुलींचाही वेळ जातो.' हे शांतपणे, पुन्हा पुन्हा, तेवढंच. कारण विचारतील. उत्तर द्यायची तयारी असेल तर द्या, नसेल तर 'सांगेन, मला थोडा वेळ द्या' म्हणा. हे खोटं नाही, आणि पुढच्या बोलण्याला जागा ठेवणारं आहे.

दुसरं पाऊल आईबरोबर टाकायचं की बाबांबरोबर, हे तुमच्या बहिणीला विचारा. ती त्या घरात तुमच्यापेक्षा जास्त वावरते, कोण कशाला कसं सामोरं जाईल याचा अंदाज तिला जास्त असेल. पण तिलाच सांगायला लावू नका. हे तुमच्या तोंडून यायला हवं. एकाला सांगितलंत तर त्याच बैठकीत म्हणा, 'हे दुसऱ्यापासून लपवायचं ओझं मी तुझ्यावर टाकत नाही. दोघं मिळून बोला, हवं तर मी बसतो.' सिनेमातल्या आईला कुणी हे म्हटलं असतं, तर ते दोघं एकमेकांना तरी सापडले असते.

सणाच्या दिवशी, पाहुणे असताना, भांडणाच्या भरात किंवा हॉस्पिटलमध्ये सांगू नका. दोन रात्री मुक्काम असेल अशा वेळी सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत बोलता येईल. शब्द साधे ठेवा. 'मला पुरुषांबद्दल ओढ वाटते. लहानपणापासून असाच आहे. कुणी मला असं केलेलं नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. सहा वर्षं मी ज्याच्याबरोबर राहतो तो माझा जोडीदार आहे. मी सुखात आहे, तुम्हाला हे माहीत नसणं एवढंच मला सलतं.' तुमचं काही चुकलेलं नाही, हे वाक्य विसरू नका. बहुतेक आया त्याच प्रश्नाशी रात्र रात्र झगडतात.

रडणं होईल, अबोला होईल. 'डॉक्टरांना दाखवू' असंही येईल. तेव्हा सांगता येईल की जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला १९९० साली आजारांच्या यादीतून काढलं, हा आजार नाही असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ साली स्पष्ट केलं आणि ती 'बदलून' देण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळवलं. पण पहिल्याच दिवशी ही माहिती पुढे करू नका, आधी ऐकून घ्या. तुम्हाला स्वतःला मान्य करायला किती वर्षं लागली? आईला निदान काही महिने द्या. याच वाटेवरून गेलेल्या दुसऱ्या आईशी तिची गाठ घालून देता आली तर सर्वांत उत्तम, कारण मुलाने समजावण्यापेक्षा दुसऱ्या आईने सांगितलेलं तिला जास्त जवळचं वाटेल. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट आणि वर म्हटलेला पालकांचा गट, यांच्यापासून शोध सुरू करता येईल.

इथे इतर वाचकांसाठी थांबते. जे शिक्षणासाठी, छपरासाठी घरच्यांवर अवलंबून आहेत, ज्यांच्या घरात मारहाण होते, ज्या मुलींना कोंडून जबरदस्तीने उजवलं जाण्याची भीती आहे, त्यांनी कृपया हे वाचून आज रात्री सांगायला जाऊ नका. आधी कमाई, राहायची जागा, मूळ कागदपत्रं आपल्या ताब्यात आणि हाक मारली तर धावून येईल असं एक तरी माणूस. तोवर न सांगणं हा भित्रेपणा नाही. मन फार खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

सांगूनही घरच्यांनी नाकारलं तर? तेही होऊ शकतं, आणि ते सोपं असेल असं मी म्हणणार नाही. काही आई-वडील वर्षानुवर्षं बोलत नाहीत. काही बोलतात, पण जोडीदाराचं नाव काढत नाहीत. तसं झालं तरी तुम्ही घरी पैसे पाठवणं, तब्येतीची चौकशी करणं, बाबांच्या तपासणीला जाणं चालू ठेवू शकता. नातं त्यांनी तोडलं तरी तुमच्याकडून ते तुटायला नको, एवढंच तुमच्या हातात आहे. आणि त्या दिवसांत तुम्हाला परतून यायला एक घर असेल, ज्यात तुमचा पार्टनर आहे. हे लग्न केलंत तर त्या घराचीच शाश्वती राहणार नाही.

त्या घरासाठी काही गोष्टी आताच करून ठेवा. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून दोघांनीही मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या, पुढे वाद झाला तर उपयोगी पडते. आजारपणात निर्णय कुणाला विचारून घ्यावेत याचं सही केलेलं पत्र दोघांच्याही फाइलमध्ये ठेवा. हॉस्पिटल ते मानेलच असं नाही, पण नसण्यापेक्षा असलेलं बरं. मानसिक आरोग्याच्या उपचारांपुरतं तर २०१७ च्या कायद्याने नातेवाईक नसलेल्या सज्ञान व्यक्तीलाही आपला प्रतिनिधी नेमता येतं.

हे सगळं करण्याआधी पार्टनरशी बोला. 'आपण काय करायचं' हा प्रश्न नंतर येऊ द्या. आधी विचारा, सिनेमा बघताना तुला काय वाटलं? आणि तो बोलत असताना बाबा, आई, मैत्रीण यांच्यापैकी कुणाचीही बाजू मांडू नका. गेली सहा वर्षं प्रत्येक वेळी तुमच्या घरून फोन आला की तो खोलीतून उठून जात असेल, तर त्यावरही बोला. लग्नाला तो 'चालेल' म्हणाला असेल, तरी ते 'चालेल' पुन्हा तपासून बघा. सायमननेही होच म्हटलं होतं.

मग मैत्रिणीला भेटा, शक्यतो तिघं मिळून. नकार फोनवर कळवू नका. तिला तुमच्याशी लग्न करायचं नव्हतं, तिला घरच्यांच्या तगाद्यातून सुटका हवी होती, आणि ती अडचण तुम्ही नाही म्हटल्यावरही तशीच राहणार आहे. तिच्या घरी कोण ऐकून घेईल असं आहे, तिला स्वतःच्या नावावर भाड्याने घर घ्यायचं असेल तर तुम्ही काय मदत करू शकता, घरून कुणी न्यायला आलंच तर ती रात्री तुमच्याकडे येऊ शकते का, हे त्याच भेटीत ठरवा आणि तुमच्या घराची एक किल्ली तिला देऊन ठेवा.